एकाआड एक दिवा

मी एक जुना विजेचा खांब आहे, मित्रांनो. नाशकात द्वारकेच्या चौकातून आत वळलात, की दुकानं संपता संपता एक अरुंद रस्ता मळ्यांच्या दिशेने निघतो. त्या रस्त्याच्या अगदी टोकाला मी उभा आहे. माझ्यापुढे डांबर संपतं आणि पायवाट सुरू होते. माझ्या अलीकडे आणखी एक खांब आहे. त्याच्याविषयी माझ्या तोंडून चार चांगले शब्द ऐकायला मिळतील अशी आशा धरून कोणी बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, गोल वळवलं, आणि वरून रुपेरी रंग चढवून मला ट्रकमध्ये आडवं टाकलं. एक्क्याण्णवचा सिंहस्थ जवळ आला होता. साधू येणार, देशभरातून यात्रेकरू येणार, म्हणून नाशिक लग्नघरासारखं नटत होतं. जिकडे बघावं तिकडे खोदाई आणि रंगरंगोटी. त्या धामधुमीत आमच्या आडरस्त्याचंही नशीब उघडलं आणि खांबांची एक रांगच्या रांग उभी राहिली. शेजारी आणि मी एकाच ट्रकमधून आलो, एकाच दिवशी जमिनीत रोवलो गेलो. तेव्हा आमच्यात काडीचाही फरक नव्हता.

माझ्या डोक्यावर एक पांढरी ट्यूब बसवली. मंगळू नावाचा वायरमन रोज दिवेलागणीला सायकलवरून येई आणि चौकातल्या लोखंडी पेटीतला खटका ओढी. की लागलो आम्ही सगळे. मी जरा डोळे मिचकावत लागायचो, पण एकदा लागलो की चोख उजेड द्यायचो. मळ्यातून परतणाऱ्या बाया म्हणायच्या, "बरं झालं बाई, टोकाला दिवा आला. आता पायाखाली काय हाय ते तरी कळतं." असं कौतुक ऐकलं की मला कोण आनंद व्हायचा.

त्याच बायांमध्ये नवसाबाई होती. पुढच्या मळ्यात तिच्या घरची फुलशेती, शेवंती, झेंडू आणि निशिगंधाची. माझा उजेड आला तसं तिने माझ्या बुंध्याशी गोणपाट टाकलं आणि संध्याकाळी तिथेच बसून हार ओवून विकायला लागली. मंगळूने खटका ओढला आणि मी लागलो, की नवसाबाई हातातली सुई गोणपाटात खोचायची आणि मला हात जोडायची. घरात तिन्हीसांजेला दिवा लागला की आपण जोडतो ना, तसे. मी रस्त्यावरचा खांब. मला कुठलं देवघर आणि कुठलं निरांजन! पण ती हात जोडायची, आणि मला वाटायचं की या बाईसाठी आपण जन्मभर जळत राहावं.

शेजारच्या खांबाखाली सिंधुबाई बसायची. ही नवसाबाईची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, मळा वाटून घेतलेला, विहीर मात्र सामाईक. त्या विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, यावरून दोघींचं असं काही बिनसलं होतं की एकीने दुसरीचं तोंड बघू नये. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. गिऱ्हाईक सिंधुबाईकडे वळलं की नवसाबाई सुईत दोरा जरा जास्तच जोरात ओढायची. मला तिचं हे फार पटायचं. ती जावेवर जळायची आणि मी शेजाऱ्यावर.

मी का जळायचो, ते ऐका. एकदा एका ट्रकने मागे येताना शेजाऱ्याला धडक दिली. त्याची ट्यूब फुटली, हात वाकडा झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दुरुस्ती करताना त्याला माझ्यासारखी ट्यूब बसवली नाही, तर नव्या तऱ्हेचा सोडियमचा मोठा दिवा बसवला. पिवळाधमक! त्याचा उजेड पार समोरच्या भिंतीपर्यंत जायचा. माझा उजेड एका बाईच्या गोणपाटापुरता. संध्याकाळचे किडेसुद्धा मला सोडून त्याच्याकडे गेले. शेजाऱ्याने मार खाल्ला हे खरं, पण बक्षीसही त्यालाच मिळालं. मीही पुढे कितीतरी दिवस एखाद्या ट्रकची वाट पाहिली. एकही माझ्याकडे फिरकला नाही.

एका गोष्टीत मात्र मी त्याला मागे टाकलं होतं. त्याच्या पिवळ्या उजेडात कालचा झेंडूही आजचा दिसायचा, आणि पांढराशुभ्र निशिगंध मात्र पिवळट वाटायचा. माझ्याखाली खरं ते खरं दिसायचं. नवसाबाई गिऱ्हाइकाला ठसक्यात सांगायची, "फूल पारखायचं तर माझ्या टूबखाली या. तिकडच्या दिव्यात काय, माकडाचं तोंडबी गोरंगोमटं दिसंल." हे सिंधुबाईला ऐकू जावं अशाच बेताने म्हटलेलं असायचं. मी वरून ऐकायचो आणि सुखावायचो.

असा आमचा संसार चालला होता. मग शहराच्या तिजोरीत खडखडाट झाल्याचं कानावर येऊ लागलं. जकात कमी आली, खर्च भागत नाही, असं लोक आपापसांत बोलत. रोज येणारा झाडूवाला एक दिवसाआड यायला लागला. कोपऱ्यावरचा फुकट दवाखाना अर्धा दिवस उघडा आणि अर्धा दिवस बंद. नळाचं संध्याकाळचं पाणी गेलं. सगळंच असं छाटत छाटत चाललं होतं, आणि एक दिवस पाळी आमच्यावर आली.

घटस्थापना होऊन गेली होती. दुपारच्या वेळी एक साहेब मंगळूला घेऊन रस्त्याने आले. मंगळूच्या हातात गेरूचा डबा आणि ब्रश होता. साहेब म्हणाले, "एकाआड एक दिवा बंद करायचा. बिल निम्म्यावर आलं पाहिजे. ज्याच्यावर गेरूची रेघ मारू, तो जाणार."

मंगळू म्हणाला, "साहेब, टोकाचा तरी राहू द्या. पुढं मळ्याची वाट आहे. बायाबापड्या येतात."

"टोकाचा राहतोच आहे. त्याच्या अलीकडचा जातोय."

आणि मंगळूने शेजाऱ्याच्या पोटावर गेरूची तांबडी रेघ ओढली. मित्रांनो, माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटल्या! इतका मोठा पिवळाधमक दिवा, आणि त्याच्यावर रेघ. जाताना मंगळू म्हणाला की दसऱ्याचा सण होऊन जाऊ दे, मग येऊन फ्यूज काढतो. म्हणजे शेजारी फक्त चार दिवसांचा पाहुणा होता. माझ्या अंगावर रेघेचा ठिपकाही नव्हता.

पण मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. शेतकरी औत पुजतो, सुतार करवत पुजतो. नवसाबाईने आपली कात्री, सुई, हार टांगायचा हुक सगळं धुऊन पुजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो बी माझं हत्यारच की. ह्याच्याबिगर माझं काय चालतंय?" आणि तिने वाटीत कुंकू कालवून माझ्या पोटावर हाताच्या बोटांनी चांगला लांब पट्टा ओढला. वर चार फुलं चिकटवली. मला आजवर इतका मान कोणी दिला नव्हता.

सिंधुबाई हे तिरक्या नजरेने बघत होती. जाऊ खांब पुजते आणि आपण गप्प बसायचं? ती उठली आणि तिने झेंडूचं जाडजूड तोरण करून आपल्या खांबाला गोल गुंडाळलं. त्या तोरणाखाली गेरूची रेघ पुरती झाकून गेली. नवसाबाई पुटपुटली, "आली बघा नक्कल करायला." मलाही तेव्हा फक्त एवढंच वाटलं की त्याला तोरण आणि मला नुसतं कुंकू. पुढे काय वाढून ठेवलंय याची दोघींनाही कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती.

दसरा झाला. मंगळू पिशवी घेऊन आला. त्या दिवशी त्याला अर्धं गाव उरकायचं होतं, त्यामुळे तो घाईत होता. शेकडो रेघा मारलेल्या, कुठली कुठे ते आता त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. एकेक खांब बघत आला. तांबडी रेघ दिसली की पोटाची झडप उघडायची, फ्यूज काढायची, पुढे जायचं. शेजाऱ्याजवळ आला, तोरण दिसलं, रेघ दिसली नाही, पुढे सरकला. माझ्याजवळ आला. फुलं वाळून गळून पडली होती, पण कुंकवाचा पट्टा ठळक होता. मंगळूने झडप उघडली.

मी ओरडत होतो, मित्रांनो. अरे बाबा, हे कुंकू आहे, पूजेचं आहे! पण खांबाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? फ्यूज त्याच्या पिशवीत गेली आणि तो शीळ घालत निघून गेला.

त्या संध्याकाळी खटका ओढला गेला. रस्त्यावरचे दिवे लागले, शेजारी लागला, मी लागलो नाही. नवसाबाईने सवयीने सुई खोचली, हात जोडायला उचलले आणि वर बघितलं. हात तसेच राहिले. मग म्हणाली, "टूब गेली वाटतं. लावतील उद्या." कोणी लावली नाही. चार दिवसांनी तिला कळलं की दिवे कमी केलेत आणि टोकाचाच गेलाय. तिने कोणाकोणाला विचारलं. सगळे म्हणाले, वरून हुकूम आहे.

दिवाळीचा धंदा दिवसाउजेडी होतो, म्हणून ते दिवस निभावले. पण मार्गशीर्ष आला आणि दिवस लहान झाले. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरोघरी लक्ष्मीची पूजा, आणि बुधवारची संध्याकाळ म्हणजे फुलवाल्यांचा सुगीचा काळ. त्याच वेळी नवसाबाई माझ्या बुंध्याशी अंधारात बसलेली. कंदील आणला, तर वाऱ्याने फडफडायचा. सुई बोटात घुसायची. येणारं गिऱ्हाईक पिवळ्या उजेडाखाली थांबायचं आणि टोकापर्यंत पोहोचायचंच नाही. सिंधुबाईची पाटी रिकामी व्हायची आणि हिची भरलेली राहायची. मी वर काळा ठिक्कर उभा. शेजाऱ्याकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकच घर अजून नवसाबाईला धरून होतं. रस्त्याच्या तोंडाशी राहणाऱ्या मालिनीवहिनी. त्यांचे यजमान रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगत, त्यामुळे घरात देवाचं सगळं काटेकोर. पहिल्यापासून त्यांचा हार नवसाबाईकडूनच जायचा. अशाच एका बुधवारीही गेला. गुरुवारी दिवेलागणीला मालिनीवहिनी तो हार पानात घेऊन परत आल्या.

"नवसाबाई, रागावू नका. देवीला घालायला घेतला, तर निशिगंध अर्धा डागाळलेला. आणि आत मुंगळे. तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

नवसाबाईने हार हातात घेतला. शेजाऱ्याच्या उजेडाच्या कडेला धरून बघितला. "दिसलं नाय वहिनी," ती म्हणाली. "हाताला कळलं नाय अन् डोळ्याला दिसलं नाय. आमचा दिवाच नेला त्यांनी."

"मला कळतंय हो. पण देवाचं आहे. पुढच्या वेळेपासून मी सिंधुबाईंकडून घेईन म्हणते. तिथे निदान बघून घेता येतं." मालिनीवहिनींनाही ते बोलताना जड जात होतं. त्या खाली मान घालून गेल्या.

नवसाबाई हार मांडीवर घेऊन बसली. रडली नाही, पण पदर तोंडाशी धरला. तिचं शेवटचं घर गेलं होतं. आता ती इथे बसणार कशाला? आणि ती उठून गेली तर मी कोणाचा?

शेजाऱ्याखाली बसलेल्या सिंधुबाईने हे सगळं ऐकलं होतं. ती काही वेळ दोरा ओवत राहिली. मग जागची हलली आणि आपलं गोणपाट फराफरा ओढून बाजूला घेतलं. तोंड वळवलं नाही, तशीच म्हणाली, "जाऊबाई, इकडं सरका."

नवसाबाईने हारावरचा मुंगळा झटकला.

"सरका म्हनते ना. उजेड काय माझ्या बापाचा हाय का?"

"पाण्याच्या पाळीला असं म्हनली असतीस तर लय झालं असतं," नवसाबाई म्हणाली.

"पाण्याचं पाण्याच्या जागी. ते मळ्यात भांडू. आता बसा, फुलं मरत्यात."

नवसाबाई उठली. मला वाटलं होतं, ती मानी बाई, नाही जाणार. पण तिने पाटी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी खटका ओढला गेला, शेजारी हळूहळू पेटत पिवळा झाला, आणि नवसाबाईने सुई खोचून त्याला हात जोडले. माझे हात! म्हणजे मला जोडायचे हात! मित्रांनो, मला तुम्ही कोत्या मनाचा म्हणा, पण त्या संध्याकाळी एखादा ट्रक येऊन त्याला मुळासकट उखडून नेईल तर बरं, असं मला वाटलं.

नवसाबाईला हार टांगायला जागा हवी म्हणून सिंधुबाईने आपल्या खांबावरचं दसऱ्याचं वाळकं तोरण काढून टाकलं. आणि खाली ती गेरूची रेघ तशीच ताजी! दोघींनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना तिचा अर्थ कुठे माहीत होता? मला माहीत होता. विझायला हवा होता तो, आणि विझलो मी. रोज संध्याकाळी त्या रेघेकडे बघत मी आतल्या आत धुमसत राहिलो. खाली मात्र निराळंच चाललं होतं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा आता एकमेकींची फुलं निवडत होत्या. निशिगंध असला की नवसाबाई तो नाकाशी धरून पारखायची, कारण त्या उजेडात रंग खोटा. झेंडूचा भाव सिंधुबाई सांगायची. मालिनीवहिनी पुन्हा यायला लागल्या. त्यांचा हार नवसाबाईच करायची.

मंगळू एरवी चौकातला खटका ओढून तिथूनच परतायचा, पण संक्रांतीच्या आधी तो कुठलीशी तार बघायला टोकापर्यंत आला. बघतो तर इथे सलग दोन दिवे चालू आणि टोक काळोखात. तो जवळ आला. शेजाऱ्यावरची रेघ बघितली, मग माझा फिकट पट्टा बोटाने खरवडून बघितला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, हे कुंकू होय? अहो, मी गेरू समजलो! तुमचाच दिवा ठेवायचा होता. हा सिंधूमावशींचा काढायचा होता." त्याने पिशवीत हात घालून फ्यूज काढली. "आत्ता लावून देतो. पण मग हा बंद करावा लागेल. दोन्ही ठेवले तर माझी नोकरी जाईल."

मला काय झालं म्हणून सांगू! न्याय झाला होता. सिंधुबाईचा चेहरा उतरला. ती आपली फुलं गोळा करायला लागली. नवसाबाई मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ बघितलं तिने. मी मनात म्हणत होतो, बाई, सांग त्याला. माझ्याखाली निशिगंध पांढरा दिसतो, सांग. तुझ्याच कुंकवापायी मी विझलोय, सांग.

"ऱ्हाऊ दे मंगळू," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हाय तसं ऱ्हाऊ दे. माझ्या टूबखाली एकलीचंच गोणपाट मावतं. हितं दोघी बसतो." मग सिंधुबाईच्या हातातली पाटी काढून पुन्हा खाली ठेवत म्हणाली, "तू कुठं निघाली? अजून वेण्या करायच्यात."

मंगळूने फ्यूज पिशवीत टाकली. जाताना त्याने सायकलला अडकवलेला गेरूचा डबा उघडला, शेजाऱ्यावरची रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या पोटावर, कुंकवाच्याच जागी, नवी रेघ ओढली. आता कागदोपत्रीही मीच विझलेला.

त्याला बरीच वर्षं झाली. पुढे दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. मोठ्या रस्त्यांवर उंच उंच दिवे लागले. आमच्या रस्त्याला कोणी विचारलं नाही. माझी ट्यूब कोणीतरी काढून नेली. आता माझ्या अंगावर केबलची भेंडोळी आहेत आणि शिकवण्यांच्या जाहिराती. मळ्याच्या वाटेने येणाऱ्या बाया माझ्याजवळ आल्या की पावलं जपून टाकतात.

मित्रांनो, एवढी वर्षं मी शेजाऱ्यावर जळलो. पण त्याने माझं काय घेतलं होतं? रेघ त्याने नव्हती ओढली. दोघांतला एकच जगेल असं ज्यांनी ठरवलं, ते एका दुपारी आले आणि गेले, त्यांचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. माझा सगळा राग समोर दिसणाऱ्यावर निघाला. तुमच्या गल्लीतला दिवा गेला, नळ आटला, दवाखान्याला कुलूप लागलं, तर ज्याच्याकडे अजून उरलंय त्याच्यावर डोळे वटारू नका, आणि निमूटपणे त्याच्या उजेडात जाऊनही बसू नका. सगळे मिळून जा आणि आमचा दिवा कुठे आहे म्हणून विचारा. नवसाबाई आणि सिंधुबाई दोघी मिळून गेल्या असत्या, तर कदाचित आम्ही दोघंही लागलो असतो.

हे सगळं मला कळतं. तरी संध्याकाळ झाली आणि तो पिवळा होत लागायला लागला, की त्याला उखडणारा एखादा ट्रक माझ्या डोळ्यांपुढे येतोच. कधी इकडे आलात तर फुलं त्या दोघींकडूनच घ्या, चांगली असतात. फक्त घेऊन झाल्यावर जरा मान वळवून टोकाकडे बघा. त्याच्याकडे तर काय, सगळेच बघतात.